कम्युनिटी कॉलेजातून बायॉलॉजी करून युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर: कॅलिफोर्नियात पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. तिथे पदवीची पहिली दोन वर्षं करायची, मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी किंवा कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयूमध्ये तिसऱ्या वर्षाला जायचं, आणि पदवीवर नाव युनिव्हर्सिटीचंच. राज्याचा रहिवासी असाल तर कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला (म्हणजे एका श्रेयांकाला) ४६ डॉलर. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. बायॉलॉजीवाल्यांचं गाडं अडतं ते यापुढे, आणि तेही बायॉलॉजीमुळे क्वचितच. तुम्ही दोन वर्षांत बाहेर पडणार की तीन, हे केमिस्ट्री आणि तिच्या पाठोपाठ गणित ठरवतं. पहिल्या सेमिस्टरला हे दोन विषय घेतले नाहीत, तर पुढे कितीही धावपळ केली तरी ते महिने भरून निघत नाहीत.

हा लेख तिघांसाठी आहे: इथल्या हायस्कुलातून बाहेर पडणारी मुलं (एच-४, म्हणजे एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबाच्या व्हिसावर असलेलीही), महाराष्ट्रातून बारावी करून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणारे विद्यार्थी, आणि लग्नानंतर इथे येऊन पुन्हा शिक्षण सुरू करणारे. कागदपत्रं प्रत्येकाची वेगळी, विषयांची साखळी सगळ्यांची एकच.

१. आधी युनिव्हर्सिटी ठरवा, मग विषय

असिस्ट डॉट ऑर्ग ही राज्याची अधिकृत वेबसाइट आहे. कम्युनिटी कॉलेजातला कुठला कोर्स यूसी किंवा सीएसयूच्या कुठल्या कोर्सऐवजी चालतो, याचे करार तिथे सापडतात. मित्र, मावसभाऊ, व्हॉट्सॲप ग्रुप यांच्या आधी ही वेबसाइट. सर्वात ताजं शैक्षणिक वर्ष निवडा, तुमचं कॉलेज निवडा, ज्या कॅम्पसला जायचंय तो निवडा आणि मग मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडा. पडद्यावर डाव्या बाजूला युनिव्हर्सिटीचा कोर्स आणि उजव्या बाजूला तुमच्या कॉलेजातला त्याचा जोडीदार दिसेल.

वाचताना तीन गोष्टींकडे नीट बघा.

एक, मेजरचं नेमकं नाव. एकाच कॅम्पसवर बायॉलॉजिकल सायन्सेस, मॉलिक्युलर अँड सेल बायॉलॉजी, इकॉलॉजी अशी वेगवेगळी मेजर असतात आणि त्यांच्या अटीही वेगळ्या असतात. एकाला पूर्ण वर्षाची ऑरगॅनिक केमिस्ट्री लागते, तर दुसऱ्याला एक सेमिस्टर पुरते.

दोन, ‘आणि’ व ‘किंवा’. युनिव्हर्सिटीच्या एका कोर्ससमोर तुमच्या कॉलेजचे दोन कोर्स ‘आणि’ने जोडलेले असतील, तर एक करून अर्धं श्रेय मिळत नाही. दोन्ही केले तरच तो कोर्स झाला असं धरतात.

तीन, समोर कोर्सच नसणे. तुमच्या कॉलेजात तो विषय शिकवतच नसतील तर तशी नोंद तिथे असते. अशा वेळी तो कोर्स ट्रान्सफरनंतर करता येतो का, की शेजारच्या कॉलेजात जाऊन करावा लागेल, हे त्या कॅम्पसच्या ट्रान्सफर ऑफिसला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तीन-चार कॅम्पसचे करार छापून शेजारी शेजारी ठेवा आणि सगळीकडे असलेल्या विषयांवर खूण करा. बायॉलॉजीत ही सामाईक यादी साधारण अशी निघते: मेजरवाल्यांची बायॉलॉजी एक वर्ष, जनरल केमिस्ट्री एक वर्ष, ऑरगॅनिक केमिस्ट्री एक सेमिस्टर ते एक वर्ष, कॅल्क्युलस एक वर्ष. फिजिक्स काही ठिकाणी सक्तीचं, काही ठिकाणी नुसतं ‘करून आलात तर बरं’.

२. कॉलेज निवडताना सेमिस्टर की क्वार्टर, हे बघा

बहुतेक कॉलेजं सेमिस्टरवर, म्हणजे वर्षाच्या दोन सत्रांवर, चालतात. बे एरियातल्या मराठी घरांना जवळची असलेली क्युपर्टिनोचं डी ॲन्झा आणि लॉस ॲल्टोस हिल्सचं फूटहिल ही दोन मात्र क्वार्टरवर चालतात; फ्रेमॉन्टचं ओहलोनी सेमिस्टरवर. एक सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट. त्यामुळे ट्रान्सफरला लागणारे ६० सेमिस्टर युनिट म्हणजेच ९० क्वार्टर युनिट.

क्वार्टर बारा आठवड्यांत संपतो. पहिली मिडटर्म तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येऊन उभी राहते, आणि एखादा आठवडा आजारपणात गेला तर सावरायला फारसा वाव नसतो. उलट बाजूला फायदाही आहे: वर्षात तीनदा विषय घेता येत असल्यामुळे साखळी नीट आखता येते.

इथे लपलेला सापळा अर्ध्यावर कॉलेज बदलण्याचा. डी ॲन्झाची मेजर बायॉलॉजी ६ए, ६बी, ६सी अशा तीन क्वार्टरमध्ये विभागलेली आहे. सेमिस्टरच्या कॉलेजात तोच मजकूर दोन भागांत शिकवतात. प्रत्येक कॉलेजने प्रकरणं आपापल्या पद्धतीने वाटलेली असतात. एकीकडे पेशीपासून सुरुवात होते, दुसरीकडे प्राणी-वनस्पतींपासून. पहिला भाग एका कॉलेजात आणि दुसरा दुसऱ्या कॉलेजात केला, तर काही प्रकरणं दोनदा होतात आणि काही होतच नाहीत, आणि असिस्टवर मालिका पूर्ण झाल्याचं दिसत नाही. बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री आणि ऑरगॅनिक या प्रत्येकाची मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा. इंग्रजी, इतिहास, मानसशास्त्र कुठेही केलंत तरी चालतं.

कॉलेजच्या मागच्या दोन वर्षांच्या वेळापत्रकावरही नजर टाका. छोट्या कॉलेजांत ऑरगॅनिकचा दुसरा भाग वर्षातून एकदाच लावतात, आणि तोही एकाच वेळेला. तो चुकला की वर्ष गेलं.

३. प्रवेश, रहिवासी दर्जा आणि फी

अर्ज ‘सीसीसी अप्लाय’ या राज्याच्या पोर्टलवरून करायचा असतो. रहिवासी विद्यार्थ्याला अर्जाची फी नाही, आणि बारावीच्या टक्क्यांची अटही नाही. कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना घेतं. एफ-१ वाल्यांसाठी मात्र बहुतेक कॉलेजांत वेगळं इंटरनॅशनल ऑफिस आणि वेगळा अर्ज असतो.

रहिवासी ठरण्यासाठी साधारणपणे राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवर दिसावा लागतो. एच-१बी आणि एच-४ वर असलेल्यांना रहिवासी दर्जा मिळू शकतो. एफ-१ वाल्यांना मिळत नाही. त्यांना ४६ डॉलरच्या वर अनिवासी फी पडते आणि युनिटचा दर कित्येक पटींनी वाढतो. अर्जातल्या व्हिसाच्या रकान्यात चुकीची खूण झाली तर संगणक तुम्हाला परस्पर अनिवासी ठरवतो. पहिलं बिल आलं की सर्वांत आधी हेच तपासा आणि गरज पडली तर ॲडमिशन्स ऑफिसात कागद घेऊन जा.

एच-४ वरच्या मुलांनी एकविसावा वाढदिवस कॅलेंडरवर ठळक मांडून ठेवावा. त्या दिवशी एच-४ संपतो. एफ-१ वर बदल करायचा असेल तर वकिलाशी आणि कॉलेजशी कित्येक महिने आधी बोला, कारण दर्जा बदलला की फीचं गणितही बदलतं.

सोबत लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (देशात आल्याची नोंद). एफ-१ असेल तर आय-२० (व्हिसासाठी कॉलेजने दिलेला फॉर्म) आणि सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) फीची ३५० डॉलरची पावती
- रहिवासी पुराव्यासाठी भाडेकरार, राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी. १९ वर्षांखालच्या अविवाहित मुलांसाठी बहुधा पालकांचे कागद
- हायस्कूल ट्रान्सक्रिप्ट, एपी (हायस्कुलातच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षा दिल्या असतील तर त्यांचे गुण
- महाराष्ट्रातून येत असाल तर दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि एफवायबीएस्सी वगैरे काही केलं असेल तर त्याचीही ट्रान्सक्रिप्ट, विद्यापीठाच्या बंद पाकिटात, दोन-तीन प्रती जास्तीच्या
- एफ-१ साठी बँकेचं आर्थिक क्षमतेचं पत्र आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल. कुठली परीक्षा चालते ते कॉलेजगणिक वेगळं

भारतात केलेलं कॉलेजचं एखादं वर्ष ‘कामाचं नाही’ म्हणून लपवू नका. यूसीच्या अर्जात बारावीनंतरची प्रत्येक संस्था लिहावी लागते, तिथे नापास झाला असाल तरीही. मागाहून कळलं तर मिळालेला प्रवेशसुद्धा रद्द होऊ शकतो.

एफ-१ वाल्यांसाठी आणखी दोन नियम. दर सेमिस्टरला किमान १२ युनिट हवेत, आणि त्या पूर्ण भारात एकच ऑनलाइन कोर्स किंवा तीन युनिट मोजले जातात. त्यामुळे विषय सोडण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, सोडून झाल्यावर नको.

४. बारावीला पीसीबी घेतलं असेल तर गणिताचं आधी बघा

महाराष्ट्रात बायॉलॉजी आवडणारी बरीच मुलं अकरावीला गणित सोडून देतात. इथे बायॉलॉजी मेजरला कॅल्क्युलस लागतं आणि ते चुकवायची वाट नाही. २०१७ च्या एबी ७०५ आणि २०२२ च्या एबी १७०५ या कायद्यांनंतर कॉलेजं विद्यार्थ्यांना खालच्या पायरीच्या गणितात अडकवून ठेवत नाहीत. सायन्सवाल्यांना जमेल तितक्या लवकर कॅल्क्युलसला पाठवतात, सोबत एखादा आधाराचा वर्ग देऊन. नियम चांगला आहे, पण ज्याने दहावीनंतर त्रिकोणमिती पाहिलीच नाही त्याला पहिल्या महिन्यातच घाम फुटतो. येण्याआधीच्या सुट्टीत फंक्शन, लॉगॅरिदम आणि त्रिकोणमिती पक्की करून घ्या. लॉगॅरिदम तर केमिस्ट्रीत पीएच काढतानाही लागतात.

कॉलेजच्या स्टॅटिस्टिक्सने जनरल एज्युकेशनची (म्हणजे मेजर कुठलंही असलं तरी लागणाऱ्या सामान्य विषयांमधली) गणिताची अट भागते, म्हणून काउन्सेलर कधी कधी तेच सुचवतात. बायॉलॉजी मेजरसाठी ते कॅल्क्युलसच्या ऐवजी चालत नाही. काही कॅम्पसना दोन्ही लागतात.

५. केमिस्ट्रीची साखळी

जनरल केमिस्ट्रीचे दोन सेमिस्टर, मग ऑरगॅनिकचे दोन. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीत किमान ‘सी’ हवा. एकावेळी दोन पायऱ्या चढता येत नाहीत. म्हणजे चार सेमिस्टर यातच जातात, आणि तेही पहिल्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री मिळाली तर. ती मिळायला बहुतेक कॉलेजांत एक तर प्राथमिक केमिस्ट्रीचा कोर्स किंवा प्लेसमेंट परीक्षा लागते. बारावी सायन्सवाल्यांनी ही परीक्षा नक्की द्यावी. मोल, स्टॉइकिओमेट्री, समीकरणं संतुलित करणे, वायूंचे नियम हे सगळं आपल्याकडे झालेलं असतं. उजळणी केली की निघून जाते. आळस केला तर पाच सेमिस्टरची साखळी पदरात पडते.

मेजर बायॉलॉजीच्या पहिल्या भागालाही अनेक कॉलेजांत जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग आधी किंवा सोबत लागतो. म्हणून पहिल्या सेमिस्टरला हौसेने बायॉलॉजी घ्यायला जाता आणि दार बंद दिसतं.

मग रिकाम्या जागी लोक काय घेतात? बायॉलॉजी १० किंवा ११ नावाचा कोर्स. तो इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, मेजरमध्ये धरला जात नाही. तीच गत ॲनाटमी, फिजिऑलॉजी आणि आरोग्य शाखेच्या मायक्रोबायॉलॉजीची: ते नर्सिंगला लागणारे कोर्स आहेत. शिकायला उत्तम, ट्रान्सफरला निरुपयोगी. कोर्सच्या वर्णनात ‘बायॉलॉजी मेजरसाठी’ असं लिहिलंय का ते वाचा.

सेमिस्टरच्या कॉलेजात दोन वर्षांचा आराखडा साधारण असा बसतो. कंसातले आकडे युनिटचे, कॉलेजगणिक एखाद-दुसरा इकडे-तिकडे.

- पहिलं सेमिस्टर: जनरल केमिस्ट्री १ (५), कॅल्क्युलस १ (४), इंग्रजी निबंधलेखन (३-४)
- दुसरं: जनरल केमिस्ट्री २ (५), कॅल्क्युलस २ (४), क्रिटिकल थिंकिंगचं इंग्रजी (३)
- उन्हाळा: जनरल एज्युकेशनचे दोन कोर्स (६)
- तिसरं: ऑरगॅनिक १ (५), मेजर बायॉलॉजी १ (५), एक सामाजिक शास्त्र (३)
- चौथं: ऑरगॅनिक २ (५), मेजर बायॉलॉजी २ (५), एक मानव्य विषय (३)

बेरीज ५६-५७ होते, म्हणजे साठला अजून एखादा कोर्स हवा, आणि यात फिजिक्सही बसलेलं नाही. ज्या मेजरला ते लागतं, त्याला तिसरं वर्ष द्यावं लागतं. स्पष्टच सांगायचं तर बायॉलॉजीला तीन वर्षं धरून चालणं हेच शहाणपणाचं. एकाच सेमिस्टरला ऑरगॅनिक आणि मेजर बायॉलॉजी म्हणजे आठवड्याला दोन विषयांचे मिळून अठरा तासांपर्यंत वर्ग आणि लॅब. त्यात घरचा अभ्यास धरला की नोकरीला वेळ उरत नाही. नोकरी करतच शिकायचं असेल तर एका वेळी एकच लॅबचा विषय, आणि चार वर्षं लागली तरी कुणी विचारत नाही. युनिव्हर्सिटी ग्रेड बघते. किती सेमिस्टर लागली, ते फारसं बघत नाही.

उन्हाळ्यात सहा-आठ आठवड्यांत ऑरगॅनिक उरकण्याचा मोह टाळा. रोज चार तास वर्ग आणि लॅब, दर आठवड्याला परीक्षा. रिॲक्शनच्या यंत्रणा डोक्यात मुरायला जो वेळ लागतो, तोच मिळत नाही. उन्हाळा इतिहास-मानसशास्त्रासाठी ठेवा.

६. जनरल एज्युकेशन: कॅल-गेट्सी

२०२५ च्या फॉलपासून (उन्हाळ्यानंतर सुरू होणाऱ्या सत्रापासून) कॅल-गेट्सी हा यूसी आणि सीएसयू दोघांनाही चालणारा एकच नमुना लागू झालाय: ११ कोर्स, ३४ सेमिस्टर युनिट. इंग्रजी, क्रिटिकल थिंकिंग, भाषण, गणित, कला-मानव्य, सामाजिक शास्त्र, भौतिक आणि जीवशास्त्र व त्यांची लॅब, एथ्निक स्टडीज. गणित आणि विज्ञानाचे रकाने मेजरच्या विषयांनीच भरतात. आधीपासून सलग शिकत असलेल्यांना जुना आयगेट्सी नमुना चालू शकतो. काउन्सेलरकडून लेखी घ्या.

बायॉलॉजीवाल्यांनी आधी जनरल एज्युकेशन पूर्ण करून मग केमिस्ट्रीकडे वळू नये. मेजरचे विषय अपुरे राहिले तर अनेक कॅम्पस अर्ज बाजूला ठेवतात; एथ्निक स्टडीज राहिलं तर ते पुढे भरता येतं. यूसीला मात्र इंग्रजीचे दोन आणि गणिताचा एक कोर्स ट्रान्सफरच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत (उन्हाळ्याआधीच्या सत्रापर्यंत) झालेले हवेतच.

७. नोंदणी, वेटलिस्ट आणि ‘डब्ल्यू’

नोंदणीची तारीख प्रत्येकाला वेगळी मिळते. ओरिएंटेशन, प्लेसमेंट आणि काउन्सेलरसोबत बनवलेला एज्युकेशन प्लॅन हे तिन्ही पूर्ण असेल तर तारीख आधीची मिळते. प्लॅन नसलेल्या नव्या विद्यार्थ्याची पाळी येईपर्यंत केमिस्ट्रीच्या लॅब भरलेल्या असतात, कारण एका लॅबमध्ये साधारण चोवीसच जागा. काउन्सेलरची वेळ मे महिन्यात घ्या. ऑगस्टमध्ये बाहेर रांग असते.

वेटलिस्टवर नाव असेल तर पहिल्या दिवशी वर्गात आणि पहिल्या लॅबला दोन्हीकडे हजर राहा. जे आले नाहीत त्यांची नावं शिक्षक त्याच दिवशी कापतात आणि हजर असलेल्यांना ॲड कोड (वर्गात नाव घालण्याचा क्रमांक) देतात. नंबर आठवा असला तरी जा. कोड मिळाला की त्याच रात्री पोर्टलवर टाका, कारण त्यालाही मुदत असते.

सोडण्याचे दोन टप्पे आहेत. टर्मच्या साधारण पहिल्या एक-पंचमांश काळात विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूणही राहत नाही. त्यानंतर पाऊण टर्मपर्यंत सोडला तर ‘डब्ल्यू’ लागतो. त्यापुढे मिळेल तो ग्रेड. एखाद-दुसऱ्या डब्ल्यूने काही बिघडत नाही. मात्र डब्ल्यू हादेखील एक प्रयत्न धरला जातो, आणि एका कोर्सला सर्वसाधारणपणे तीनच प्रयत्न मिळतात.

आपल्याकडच्यांना सगळ्यात बोचणारा नियम पुढचा. इथे एटीकेटी नाही, आणि ‘सी’ मिळाला तर तो विषय ग्रेड सुधारण्यासाठी पुन्हा घेता येत नाही. ‘डी’ किंवा ‘एफ’ असेल तरच पुन्हा. ऑरगॅनिकमध्ये ‘सी’च्या काठावर घुटमळत असाल, तर शेवटच्या सोडण्याच्या तारखेआधी शिक्षकांकडे जाऊन शांतपणे हिशेब करा: उरलेल्या परीक्षांत किती मिळाले तर ‘बी’ येतो? आकडा अवाक्यातला नसेल तर डब्ल्यू बरा. मेजरचा कोणताही विषय पास-नोपास पद्धतीने घेऊ नका.

आणि डिसेंबरातल्या लग्नाचं तिकीट काढताना फायनलचं वेळापत्रक आधी बघा. फॉलच्या परीक्षा डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतात, आणि चुलतबहिणीचं लग्न हे कारण सिलॅबसमध्ये बसत नाही.

८. लॅब: आपल्या प्रॅक्टिकलपेक्षा काय वेगळं

साहित्य: रसायन उडालं तर आत जाणार नाही असा, झेड ८७.१ मानकाचा बंद गॉगल, लॅब कोट, पाय पूर्ण झाकणारे बूट, घोट्यापर्यंत पँट, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर, कार्बन प्रत निघणारी लॅब नोटबुक. बायॉलॉजीला नायट्राइल हातमोजे आणि डिसेक्शन किट. चपला किंवा हाफ पँट घालून आलात तर परत पाठवतात आणि त्या दिवसाची लॅब शून्य. दोन-तीन लॅब बुडाल्या तर अनेक ठिकाणी विषयातूनच नाव कापतात.

महाराष्ट्रात जर्नल घरी बसून सुवाच्य अक्षरात, पेन्सिलीच्या आकृत्यांसह उतरवतात. इथे नोटबुक लॅबमध्ये, प्रयोग चालू असताना, शाईने भरायची. चूक झाली तर एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा. व्हाइटनर चालत नाही. जाताना शिक्षक पानावर सही करतात आणि कार्बन प्रत फाडून तिथेच ठेवून घेतात. घरी ‘फेअर’ करून आणलेली वही बघून उलट संशय येतो. आकडा चुकीचा आला तरी तोच लिहा आणि खाली कारण शोधा. गुण त्या कारणाला असतात.

नव्या माणसाचं पहिल्या महिन्यात जे हमखास बिघडतं ते मायक्रोपिपेटचं, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून उचलणाऱ्या उपकरणाचं. बटणाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यापर्यंत दाबा, टोक द्रवात दोन-तीन मिलिमीटरच बुडवा, बटण सावकाश सोडा. बाहेर टाकताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबा. घाईत उलटं झालं, म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढला, की ठरल्यापेक्षा जास्त द्रव येतो आणि पुढचा सगळा प्रयोग बिघडतो. बटण झटक्यात सोडलं तर हवेचा बुडबुडा शिरतो आणि द्रव कमी येतो. दुसरी गफलत आकड्याची: खिडकीत वरून खाली १-०-० दिसतंय, तर पी-२० वर त्याचा अर्थ १० मायक्रोलिटर, पी-२०० वर १०० आणि पी-१००० वर १०००. आधी बटणावर लिहिलेलं माप वाचा, मग खिडकी.

जेल इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे डीएनएचे तुकडे विजेने जेलमधून सरकवून वेगळे करताना, डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून ज्या बाजूला खाचा आहेत ती काळ्या, ऋण तारेकडे हवी. डीएनए लाल तारेकडे धावतो. तारा उलट लावल्या तर नमुना मागच्या मागे जेलमधून बाहेर जातो. वीज सुरू केल्यावर तारेजवळ बुडबुडे येतात का बघा, आणि पाच मिनिटांनी निळा रंग कुठल्या दिशेला सरकलाय ते बघूनच जागेवरून हला. मायक्रोस्कोप नेहमी ४ एक्सच्या भिंगापासून. ४० एक्सला मोठा स्क्रू फिरवला की स्लाइड तडकते.

९. ट्रान्सफरचा अर्ज

फॉलच्या प्रवेशासाठी तारखा आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून सुरू होतात.

सप्टेंबर १ ते ३०: टॅग, म्हणजे प्रवेशाची हमी देणारा करार. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या सहाच यूसी कॅम्पसना, आणि सहांपैकी एकालाच करता येतो. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. अर्ज करताना ३० सेमिस्टर युनिट झालेले हवेत. जीपीएची (ग्रेडच्या सरासरीची) अट कॅम्पस आणि मेजरगणिक वेगळी. टॅग भरला तरी पुढचा यूसीचा अर्ज भरावाच लागतो. हे विसरून हमी घालवणारे दरवर्षी निघतात.

ऑक्टोबर १ ते ३० नोव्हेंबर: यूसीचा मुख्य अर्ज. अलीकडे शेवटची तारीख डिसेंबरच्या एक-दोन तारखेपर्यंत सरकलेली दिसते, तरी भरवशावर राहू नका. सीएसयूचा अर्जही याच सुमारास असतो. यूसीला शिफारसपत्रं लागत नाहीत, एसएटी नाही. ३५० शब्दांपर्यंतची चार उत्तरं लिहायची: मेजरची तयारी कशी केली हा प्रश्न सक्तीचा, उरलेल्या सातांपैकी तीन निवडायचे. पहिल्या उत्तरात ‘लहानपणापासून निसर्गाची आवड’ नको. कुठला प्रयोग केला, काय फसलं, ते शोधायला काय वाचलं, हे लिहा.

यूसीत रहिवाशांना किमान जीपीए २.४, बाहेरच्यांना २.८. हा उंबरठा आहे, प्रवेशाचा आकडा नव्हे. कॅम्पस आणि मेजरनुसार प्रवेश मिळालेल्यांचे जीपीए यूसी स्वतःच प्रसिद्ध करते. ते बघून कॅम्पसची यादी करा. सीएसयूला जायचं असेल तर बायॉलॉजीची ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ घ्या: त्याने सीएसयूत जागेची हमी मिळते, हवा तोच कॅम्पस मिळेल याची नाही.

जानेवारी: यूसीचा ट्रान्सफर अकॅडेमिक अपडेट. फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगचे विषय ३१ जानेवारीपर्यंत भरायचे. ईमेल स्पॅममध्ये गेली म्हणून हा राहतो. भरला नाही तर तुमचे ताजे ग्रेड कुणी बघत नाही.

पालकांचा हमखास प्रश्न: यातून डॉक्टर होता येतं का? अमेरिकेत एमडीचा प्रवेश पदवीनंतर असतो आणि त्याची केमिस्ट्री-बायॉलॉजी कम्युनिटी कॉलेजात केलेली अनेक मेडिकल स्कूल स्वीकारतात. त्यावर युनिव्हर्सिटीतले वरच्या पातळीचे विज्ञान विषय दिसावेत अशी अपेक्षा असते. एफ-१ वर मात्र एमडीच्या जागा फारच थोड्या. उन्हाळी संशोधनासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनचे आरईयू कार्यक्रम कम्युनिटी कॉलेजवाल्यांनाही घेतात, पण त्यांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. ते नसेल तर कॉलेजच्याच प्राध्यापकांना प्रकल्पाबद्दल विचारा.

१०. पत्र आल्यावर

यूसीची पत्रं मार्च-एप्रिलमध्ये येतात; होकार १ जूनपर्यंत कळवायचा. हा प्रवेश सशर्त असतो. अर्जात लिहिलेला स्प्रिंगचा विषय सोडलात, ‘डी’ आला किंवा विषय बदललात, तर पोर्टलवर लगेच कळवा. आधी कळवलं तर बहुतेक वेळा मार्ग निघतो. जुलैत ट्रान्सक्रिप्टवरून त्यांनाच कळलं तर निघत नाही. १ जुलैपर्यंत प्रत्येक कॉलेजची अंतिम ट्रान्सक्रिप्ट पोहोचायला हवी, एका उन्हाळ्यात शेजारच्या कॉलेजात केलेल्या एकाच कोर्सचीसुद्धा. कॅल-गेट्सी पूर्ण केलं असेल तर त्याचं सर्टिफिकेट आपोआप जात नाही. कॉलेजच्या रेकॉर्ड्स ऑफिसात वेगळा अर्ज करून मागवा. एफ-१ वाल्यांनी सेव्हिस नोंद नव्या युनिव्हर्सिटीकडे हलवण्याची तारीख दोन्ही ऑफिसांना विचारून ठरवावी, आणि नवीन आय-२० हातात आल्याशिवाय देशाबाहेर जाऊ नये.